बालहट्ट आणि चारचौघांची जागा

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट असे तीन हट्ट आपल्याकडे पूर्वापार सांगितले जातात. पहिला संस्थानांबरोबर इतिहासजमा झाला. दुसऱ्याचे नाव कोणी आणि कोणत्या सोयीसाठी पाडले, हे वाचक भगिनी जाणतातच. तिसरा मात्र एस.टी. स्थानकावर, आठवडी बाजारात, जत्रेत, उपाहारगृहात, इतकेच काय, तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यातही नित्य दृष्टीस पडतो. दोन-अडीच वर्षांचे मूल फुग्यासाठी किंवा वेफर्सच्या पुडीसाठी जमिनीवर अंग टाकते, पाय झाडते, भोकाड पसरते. माणसे जमतात. कोणी तरी म्हणते, "आईला सांभाळता येत नाही." मग बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते : मुलाला हवी ती वस्तू मिळते, नाही तर पाठीत धपाटा बसतो. घरी असती तर कदाचित त्याच आईने यांपैकी काहीच केले नसते. जमलेल्या डोळ्यांना काही तरी करून दाखविणे तिला भाग पडते, आणि त्याची किंमत मूल मोजते.

या आकांडतांडवाला आपण सरसकट 'हट्ट' म्हणतो. परंतु त्याचा बराचसा भाग हट्ट नसून त्रागा असतो. साधारणतः दीड ते चार वर्षांच्या वयात इच्छा पुष्कळ असतात आणि त्या सांगण्यास शब्द थोडे. स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पूर्णपणे पक्व होण्यास वयाची विशी ओलांडावी लागते. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाकडून तहसीलदारांच्या संयमाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ साली लहान मुलांच्या रागाविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी आयांनी आपापल्या मुलांच्या रागाच्या प्रसंगांची घरच्या घरी नोंद ठेवली होती. जेवणापूर्वी आणि झोपेच्या वेळेआधी असे प्रसंग वाढतात, असे त्यांत आढळून आले. आपल्या बाजाराची वेळ नेमकी कोणती? सकाळी निघालेले कुटुंब दुपार टळेपर्यंत उन्हात, मुलाचे जेवण लांबलेले, झोप मोडलेली. पुढे २००३ साली मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्राग्याचा तपशीलवार अभ्यास केला. सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधी संपले होते. राग आरंभीच शिगेला पोचून ओसरतो. रडे आणि जवळ घेतले जाण्याची ओढ मात्र मागे रेंगाळते, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा भर रागात समजूत घालू लागणे व्यर्थ. ज्या वेळी समजूत लागू पडते, त्या वेळी मोठी माणसे फणकाऱ्याने तोंड फिरवून बसलेली असतात!

निघण्यापूर्वी आणि त्या घटकेला

पुष्कळसे काम घरून निघतानाच होते. मुलाला खाऊ घालून न्यावे. बरोबर पाणी आणि भाकरीचा तुकडा असावा. आज काय घ्यायचे आहे आणि काय घ्यायचे नाही, हे आधीच साध्या शब्दांत सांगावे. बाजारात मुलाच्या हाती एखादे काम द्यावे : कोथिंबिरीची जुडी धरणे, लिंबे मोजून पिशवीत टाकणे. उपाहारगृहात मोठ्यांची चर्चा संपण्याची वाट न पाहता मुलासाठी इडलीसारखा लवकर येणारा पदार्थ आधी मागवावा. तोवर घरातील एकाने त्याला बाहेर दोन पावले फिरवून आणावे. टेबलाशी अर्धा तास स्वस्थ बसणे हे त्या वयाचे काम नव्हे.

एवढे करूनही प्रसंग ओढवलाच, तर मुलाला उचलून गर्दीतून बाजूला न्यावे. रस्ता, विहीर, चुलाणे जवळ असेल तर घट्ट धरावे. आपण खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, एकच छोटे वाक्य बोलावे : "तुला फुगा हवा होता, राग आला, मी इथेच आहे." प्रवचन नको, धमकी नको. वस्तू द्यायची असेल तर रडण्यापूर्वीच द्यावी. एकदा 'नाही' म्हटल्यावर रडण्यापायी देऊ नये. दहा वेळा नाकारून अकराव्या वेळी दिलेली वस्तू मुलाला रडत राहण्याची शिकवण देते, आणि ती शिकवण फार चिवट असते. सध्या फुग्याची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. तो हाती देताच शांतता होते हे खरे. पण राग आवरण्याचा सराव मात्र राहून जातो.

मारू नये, हे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात, १९२६ साली त्यांनी स्थापिलेल्या नूतन बालशिक्षण संघात आणि पुढे ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे आयुष्यभर सांगितले. विशेष हे की, शिक्षेबरोबर लालूचही त्यांनी वर्ज्य मानली. धपाटा आणि वेफर्सची पुडी यांना एकाच पंक्तीला बसविणारा हा विचार आजही पुष्कळांना पचनी पडत नाही.

बागुलबुवा कोण?

पूर्वीचा बागुलबुवा निदान काल्पनिक तरी होता. आता "गप्प बस, नाही तर पोलीस नेतील," "नर्सबाई सुई टोचतील," "गुरुजींना सांगते," असे म्हटले जाते. हे शब्द मुलाच्या मनात राहतात. यात्रेत हात सुटून हरवलेल्या मुलाने कोणाकडे जावे? गणवेशातील शिपायाकडेच. ज्याला पाहून लपायचे असे शिकविले, त्याच्याकडे ते कसे जाईल? लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या दारातच आकांत मांडणारी किती तरी मुले अशा धमक्यांतून तयार झालेली असतात; त्रास होतो तो आरोग्यसेविकेला. पोलीस पाटील, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांनी आपल्या नावाची धमकी कानी येताच तेथल्या तेथे हसून ती खोडून काढावी : "मी नेत नाही बाळ, हरवलास तर घरी पोचवतो."

क्वचित एखादे मूल रडता रडता श्वास रोखते, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. पाहणाऱ्यांचा थरकाप उडतो. त्या वेळी तोंडात पाणी ओतू नये, गदागदा हलवू नये, कुशीवर निजवावे. श्वास बहुधा आपोआप परत येतो. न आल्यास किंवा शुद्ध लवकर न आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्यांदाच असे घडले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. कारण अशा पुष्कळ मुलांत लोहाची कमतरता आढळते आणि ती भरून काढल्यावर त्रास कमी होतो. मूल स्वतःला इजा करून घेत असेल, बोलणे मागे पडले असेल, हाक ऐकू येत नसेल किंवा पाच वर्षांनंतरही त्रागा वारंवार होत असेल, तर तो निव्वळ हट्ट समजून सोडून देऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना भेट देतात. या कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथेच झाला. अंगणवाडी सेविकेने अशा मुलाचे नाव पथकापुढे अवश्य ठेवावे.

ग्रामपंचायतीच्या हाती यांत थोडे पण मोलाचे काम आहे. आठवडी बाजाराच्या कडेला सावलीचा एक कोपरा, तेथे बाक आणि पिण्याचे पाणी असावे. ग्रामसभेत लहान मुले घेऊन आलेल्या महिलांसाठी सतरंजी आणि चार खेळणी असावीत, अंगणवाडीतील असली तरी चालतील. दाखल्यांच्या रांगेत कडेवर मूल असलेल्या बाईला पुढे घेण्यास शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. एस.टी. स्थानकांवरील हिरकणी कक्षाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी आगारात विचारून पाहावे. आणि मूल रडताना दिसले तर भोवती कोंडाळे न करता आईची पिशवी धरावी, किंवा आपल्या वाटेने पुढे जावे.