अभ्यास-पान : खात्यातला पैसा हातात कसा येतो?



उसाचे बिल आपण बँकेमार्फत घेतो. बिल खात्यावर पडले की शाखेत जायचे, पासबुक भरून घ्यायचे, लागेल तेवढी रक्कम उचलायची. ही सवय आपल्याला सहकाराने लावली. परंतु आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुराला ही सोय कितपत आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. या वेळी तोच विषय समजून घेऊ.

उदाहरणादाखल अमरावती जिल्ह्यातील सेमाडोह घ्या. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात हे गाव आहे. आसपास कोरकू वस्ती. या भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीला घरी परततात. त्यांना मिळणारे सरकारी अनुदान आता खात्यावर जमा होते. म्हणजे खाते डोंगरात, माणूस आपल्या शेतावर, आणि "पैसे आले काय जी?" हा प्रश्न दोन्हीकडे!

याच रस्त्यावर पुढे हरिसाल लागते. २०१६ साली राज्य शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने ते डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. २०१९ च्या निवडणुकीत तेथील सोयी खरोखर चालतात की नाही, यावर जाहीर वादही झाला. त्यातून एवढे शिकावे की यंत्र बसवणे वेगळे आणि ते रोज चालणे वेगळे.

आता व्यवस्था पाहू. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना गावोगावी प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि २०२३ पर्यंत तिची खाती ५० कोटींच्या वर गेली. २०१८ मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक आली, तेव्हापासून पोस्टमनही घरी येऊन रक्कम देऊ शकतो. खाती झाली, हे खरेच. पण ऊस शेतात उभा आहे म्हणून साखर पोत्यात पडली असे होत नाही. मधे तोडणी आहे, वाहतूक आहे, गाळप आहे. पैशाचेही तसेच आहे. तो तीन ठिकाणी अडतो.

पहिले ठिकाण, आधारची जोडणी. एका माणसाची तीन खाती असली, तरी आधारवर येणारे अनुदान एकाच बँकेत जाते. जी बँक यासाठी शेवटी जोडली, तीत. माणूस जुने पासबुक दाखवून "पैसे नाही आले" म्हणतो, आणि रक्कम दुसऱ्याच बँकेत पडून असते.

दुसरे ठिकाण, अंगठा. प्रतिनिधीच्या यंत्रात आधार क्रमांक व बँकेचे नाव घालून बोट टेकवायचे असते. कोयता, कुदळ धरून बोटाच्या रेषा झिजतात, यंत्र ओळखत नाही. अशा वेळी दुसरे बोट लावून पाहावे. ते न जमल्यास शाखेत जाऊन पैसे काढण्याची स्लिप भरावी. अंगठा उमटला नाही म्हणून खात्यातला पैसा बुडत नाही.

तिसरे ठिकाण, रेंज. मधेच संपर्क तुटला तर खात्यातून रक्कम वजा होते आणि हातात काही पडत नाही. यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नियम केला. अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत परत जमा व्हावी, उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळावी. मात्र पावती नसेल तर तक्रार लंगडी पडते.

परदेशचा अनुभव पाहा. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाली. साध्या फोनवर चालणारी ही सेवा तिथे घरोघरी गेली, कारण फोनवरचा पैसा गावच्या दुकानात रोख करून मिळू लागला. शेवटी महत्त्वाचा ठरला तो रोकड हाती देणारा जवळचा माणूस.

आपण सभासदांनी काय करावे?

१. मजुराच्या खात्यावर पैसे टाकण्यापूर्वी ते कोठून काढता येतील, हे त्याला विचारावे. सोय नसेल तर साक्षीदारासमोर रोख द्यावी व नोंद ठेवावी.

२. अंगठा दिला की पावती घ्यावी आणि शिल्लक वाचून घ्यावी, हे घरच्या व शेतावरच्या सर्वांना सांगावे. पावतीशिवाय दुसऱ्यांदा अंगठा देऊ नये.

३. मजुराचे कार्ड, पासबुक उचलीपोटी अडकवून ठेवू नये.

४. पिन किंवा फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर फोन करावा व बँकेला कळवावे.

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे कुळाला वाचता येत नसे. १८७५ साली पुणे व नगर भागात शेतकऱ्यांनी त्या वह्या-खतेच जाळली. पुढे पतसंस्था आल्या आणि हिशेब सभासदाच्या हाती आला. आज वहीच्या जागी यंत्र आले आहे. त्यातला आकडा मजुराला वाचून दाखवणे हे आपले, म्हणजे हिशेब शिकलेल्या सहकाऱ्यांचे, काम आहे. तो न चुकता करू या.

जय सहकार!