काकडी खारात घालताना

उसाच्या बांधावर काकडीचे चार वेल असले की एकदम बुट्टी भरते आणि कोशिंबीर खाऊन घरची मंडळी कंटाळतात. अशी काकडी खारात घालावी.

बोटाएवढी, बी न धरलेली काकडी सकाळी तोडून त्याच दिवशी घालावी. कर्नाटकात निर्यातीसाठी घर्किन लावतात, तीही अशीच कोवळी तोडतात. फुलाकडचे टोक कापावे. त्यातल्या विकरामुळे काकडी मऊ पडते. फोड चाखून बघा, कडू लागली तर टाका. मिठाने कडूपणा जात नाही.

उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यास ५० ग्रॅम मीठ, तेही तोलून. मुठीचा अंदाज नको. मीठ कमी पडले की माल सडलाच. लसूण, मोहरी, मिरची आवडीप्रमाणे. हुपरी चांदीचं गाव खरं, पण इथे बरणी चिनी मातीची किंवा काचेचीच हवी. तांब्या-पितळेत आंबट खार कळकतो.

काकडी खाराखाली बुडालेली राहावी म्हणून वर बशी व वजन ठेवावे. झाकण सैल असू द्या, आत वायू धरतो. आठ-दहा दिवसांत आंबूस चव येते, मग बरणी फ्रीजमध्ये. वर पांढरी साय आली तर काढून टाकावी. मात्र काकडी बुळबुळीत झाली, घाण वास आला किंवा रंगीत बुरशी दिसली, तर हळहळ न करता सगळी बरणी उकिरड्यावर रिकामी करावी.