टाइपरायटर भंगारात घालण्याआधी

तायांनो, टायपिंगचे क्लास कॉम्प्युटरवर गेले आणि जुनी मशीनं माळ्यावर पडली. पूर्णेत कुणाकडे असं मशीन असेल, तर भंगारवाला दारात आला म्हणून लगेच काट्यावर चढवू नका. तो लोखंडाचा भाव देतो, मशीनचा नाही.

आधी नाव बघा: गोदरेज, रेमिंग्टन, फॅसिट, हाल्डा. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर 1955 मध्ये आणला. म्हणजे कुणी गोदरेजचं मशीन शंभर वर्षांचं सांगितलं, तर हसून सोडा! बॉडीवरचा नंबर वहीत उतरवून घ्या, त्यावरून सालाचा अंदाज येतो.

मग कागद घालून एकेक बटण दाबा. बहुतेक बटणांना कॅरेज एक घर सरकायला हवी, ओळ संपत आली की घंटी वाजायला हवी. कॅरेज सरकत नसेल तर मशीन मेलं असं समजू नका, पुष्कळदा आतली ओढपट्टीच तुटलेली असते. रिबन वाळली तरी बदलता येते. अक्षराची काडी मोडली असेल, रोलरला भेगा असतील, तर मात्र भाव पडतो. धूळ ब्रशने झाडा. पाणी नको, नवा रंग तर अजिबात नको.

वजन गुणिले भंगाराचा दर, हा सगळ्यात खालचा आकडा. 15 किलोला 30 रुपये दर धरला तर 450. चालू मशीनला याच्यावर मिळायला हवं. दुरुस्तीवाल्याला आणि दोन-तीन घेणाऱ्यांना फोटो पाठवून विचारा. मोबाईलवर दिसणारे हजारोंचे आकडे ही मागणी असते, तेवढ्याला विकलं गेलंच असं नाही.

आणि घरातल्या ज्या बाईने त्यावर टायपिंगची परीक्षा दिली, तिला विचारल्याशिवाय सौदा करू नका.