विरजण संपवू नकोस

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "ताई, सोमवारी तीनशे स्टार्टरना नवं फर्मवेअर पाठवायचंय, झोप येत नाहीये." अगं, झोप येत नाही हे चांगलंच आहे. मला पहिल्या वेळी गाढ झोप लागली होती, आणि सकाळी सातपासून शेतकऱ्यांचे फोन वाजायला लागले.

येरमाळ्याच्या आसपासच्या शिवारात आमचे मोबाईल स्टार्टर बसवलेले होते. घरून मिस्ड कॉल दिला की विहिरीवरची मोटर चालू. मी काय हुशारी केली, तर चिपमधली जागा वाचावी म्हणून जुनं फर्मवेअर पुसायचं आणि त्याच जागी नवं लिहायचं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची, म्हणून मुहूर्तही रात्रीचा धरला. निम्मं लिहून झालं आणि फीडरच गेला. अकरा डबे मुके! जुनं पुसलेलं, नवं अर्धवट. मग धाराशिवहून एसटीनं येडशी, येरमाळा, मांडीवर लॅपटॉप, आणि पुढं चिखल तुडवत बांधाबांधानं एकेक डबा उघडून केबल लावत फिरले. एका आजींनी चहा दिला आणि विचारलं, "बाई, मोटरीला काय शिकवायला आलीस गं?"

खरं सांगू का, हे मला आधीच कळायला हवं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी सगळं दही कढीत घातलं होतं आणि दूध विरजायला चमचाभरही शिल्लक नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, वाटी घेऊन शेजारी गेल्या. नवं दही लागेपर्यंत जुनं ठेवायचं असतं, एवढं त्या वाटीनं शिकवलं. फर्मवेअरचंही तसंच आहे बघ. तुमच्या डब्यात ईएसपी-32 आणि 4 एमबीची फ्लॅश आहे म्हणालीस ना? मग दीड-दीड एमबीचे दोन कप्पे आरामात बसतात. चालू प्रोग्राम एका कप्प्यात राहू दे, नवा दुसऱ्यात उतरव. पूर्ण उतरला, चेकसम जुळला, सहीसुद्धा तपासून झाली, की मगच "आता इथून चालू हो" ही चिठ्ठी बदलायची. त्या चिठ्ठीसाठीही 4 केबीचे दोन वेगळे तुकडे असतात आणि एका वेळी एकच लिहिला जातो. लिहिताना लाईट गेली तरी दुसरी चिठ्ठी शाबूत राहते.

आता फ्लॅशचा स्वभाव समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट 1 असतात. लिहिताना 1 चा 0 करता येतो, 0 चा परत 1 होत नाही. सारवलेल्या अंगणात रांगोळीचे ठिपके वाढवता येतात, पण एक ठिपका नको झाला तर तेवढाच उचलता येत नाही, पट्टाच पुन्हा सारवावा लागतो. इथला पट्टा 4096 बाइटचा, त्याला सेक्टर म्हणतात. तो पुसायला साधारण 45 मिलिसेकंद लागतात, चिप रेंगाळली तर 400 सुद्धा. नेमकी तेवढ्यात लाईट गेली तर? अर्धवट वाळलेलं सारवण आठव. वरून वाळल्यासारखं दिसतं, पाय टाकला की ठसा उमटतो. तसे ते बिट आत्ता 1 वाचले जातात आणि डबा तापला की 0. म्हणून "कोरं दिसतंय, पुसायची गरज नाही" असं कधी म्हणू नकोस. लिहिण्याआधी पूसच.

तुमचे काही डबे सोलर पंपांवर आहेत, तिथं जास्त जप. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेनंतर आपल्याकडं हे पंप वाढलेत, आणि लोकांना वाटतं दिवसा ऊन आहे म्हणजे वीज पक्की. आषाढात एक ढग आडवा आला की व्होल्टेज झरझर उतरतं. पूर्ण गेलेली वीज परवडली गं, ही अर्धीमुर्धी वाईट, कारण प्रोसेसर भलतंच काहीतरी करत राहतो. व्होल्टेज घसरलं की प्रोसेसर रीसेट करणारा ब्राऊनआऊट डिटेक्टर बंद करून ठेवला असेल, तर आधी चालू कर. सतत रीसेट होतो म्हणून मी एकदा तो बंद केला होता. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून दिल्यासारखं!

माझी दुसरी फजिती तर कुणाला सांगत नाही. दोन कप्पे केले, रोलबॅक चालू केला, म्हणजे नवा प्रोग्राम "मी ठीक आहे" असं म्हणाला नाही तर पुढच्या रीसेटला बूटलोडर जुना चालू करतो. आणि ते "मी ठीक आहे" मी प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत लिहिलं! पुढं मोडेमचा कोड मोडलेला. डबा ठणठणीत चालू, पण त्याच्याशी बोलायची सोय नाही. म्हणून रिले हलला का, नेटवर्क मिळालं का, सर्व्हरचं उत्तर आलं का, एवढं बघूनच पसंती दे. आणि एक गोष्ट आजच तपास. शेतात आधीच बसलेल्या डब्यांच्या बूटलोडरमध्ये रोलबॅक चालू होता का? नेहमीच्या अपडेटमध्ये बूटलोडर बदलत नाही. तो जुना असेल, तर टेबलावर चाललेलं सगळं शेतात चालणार नाही.

मंगळावरचं स्पिरिट रोव्हर माहीत आहे ना? 2004 च्या जानेवारीत, उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ते पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागलं. फ्लॅशमध्ये फायली इतक्या साठल्या होत्या की त्यांचा हिशोब ठेवायला मेमरी पुरेना. फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची वाट ठेवलेली होती, म्हणून ते वाचलं आणि 2010 पर्यंत बोलत राहिलं. तिथं एसटी जात नाही, बाई.

साठवणीवरून आठवलं. मोटर किती मिनिटं चालली ते तुम्ही दर मिनिटाला एकाच सेक्टरवर पुसून लिहिता ना? दिवसाला 1440 वेळा. एक सेक्टर साधारण एक लाख वेळा पुसता येतो, म्हणजे मोटर अखंड चालली तर सत्तर दिवस. त्यापेक्षा 16 बाइटची नोंद एकाखाली एक लिही, एका सेक्टरमध्ये 256 बसतात. भरला की दुसरा सेक्टर घे आणि मगच पहिला पूस. मग हाच हिशोब शंभर वर्षांच्या आसपास जातो.

सोमवारचं काय करायचं ते सांगते. सोमवारी नाही पाठवायचं. साहेबांना माझं नाव सांग. आज रात्री एका डब्याच्या वीजपुरवठ्यात रिले घाल आणि अपडेट चालू असताना कधीही, मनाला येईल तेव्हा, वीज तोडायला लाव. रात्रभर, हजारदा. सकाळी एकदाही डबा मुका झाला नसेल, तर टेबलावरच्या पाचांना पाठव, मग ज्यांच्या शेतात तू सहज पोचशील अशा दहांना. दोन दिवस थांब. मग पन्नास.

आणि तरी पिशवीत केबल, स्क्रूड्रायव्हर आणि खोबरेल तेलाची लहान बाटली असू दे. विहिरीवरच्या डब्यांचे स्क्रू हमखास गंजलेले असतात.