शब्दांची ओळख : बकरा आणि बळीचा बकरा



"आज त्याला मस्त बकरा बनवला!" हे वाक्य मधल्या सुट्टीत आमच्या कानी नेहमी पडते. या अंकात अशाच काही शब्दांची ओळख करून घेऊ.

सहज फसणाऱ्याला मराठीत बकरा, मामा किंवा मोरू म्हणतात. फसवणे याला टोपी घालणे, चुना लावणे, शेंडी लावणे, गंडा घालणे असे वाक्प्रचार आहेत. इंदूरला आपण घराबाहेर हिंदी बोलतो, त्यामुळे 'टोपी पहनाना', 'चूना लगाना' लगेच जुळतात. पण सगळेच जुळत नाही. हिंदीत फसलेला 'उल्लू' बनतो. मराठीत घुबड अशुभ मानतात, मूर्ख नव्हे. म्हणून निबंधात 'त्याला घुबड बनवले' असे लिहू नये.

बकरा फसतो; बळीचा बकरा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगतो. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेल यांनी १५३० मध्ये बायबलच्या भाषांतरात वापरला. तेथे दोन बोकड आहेत. एकाचा बळी देतात. दुसऱ्यावर सर्वांची पापे लादून त्याला जिवंतच ओसाड रानात सोडतात. दोष लोकांचा, हद्दपारी बोकडाची!

असा दोष ढकलणे म्हणजे मराठीत 'खापर फोडणे', हिंदीत 'ठीकरा फोड़ना'. खापर काय, ठीकरा काय, दोन्ही फुटक्या मडक्याचे तुकडेच. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हणही हेच सांगते.

एकदा वर्गातील खिडकीची काच फुटली. सर्वांनी एका अबोल मुलाकडे बोट दाखवले आणि आम्हीही चौकशी न करता त्याला रागावलो. तिसऱ्या दिवशी खरा प्रकार कळला. आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. पण ते तीन दिवस त्याला परत देता आले नाहीत.

विश्वास ठेवणाऱ्याला आपण बकरा म्हणून हसतो आणि फसवणाऱ्याला हुशार म्हणतो. त्याच्यासाठी ठक, भामटा, लबाड हे शब्द मराठीत आहेत. ते विसरू नका.

स्वाध्याय : घरी आजी-आजोबांना विचारून असे आणखी पाच शब्द लिहून आणा. प्रत्येकापुढे लिहा : यात चूक खरी कोणाची?