जुन्या मोटारीची किंमत कशी ठरवावी?

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, हे तुम्हांस ठाऊक असेल. आता समजा, एक जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार नादुरुस्त अवस्थेत विकाऊ आहे. तिचे किती पैसे द्यावेत?

प्रथम फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. पोलादाला तो चिकटतो. मध्येच चिकटेनासा झाला, तर तेथे गंजाचे भोक लांबी भरून बुजवलेले असण्याचा संभव आहे. पत्रा अॅल्युमिनियमचा असेल, तर मात्र ही कसोटी निरुपयोगी. नंतर खालून चासी पाहा. झिजलेले सिलिंडर शिवाजी उद्यमनगरात बोअर करून मिळतील. गंजाने पोखरलेली चासी मात्र फार खर्चात टाकते. इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहा.

आता हिशेब. तशीच सुस्थितीतील मोटार १० लाखांची व दुरुस्तीचा अंदाज ४ लाखांचा धरू. मोटार खोलल्यावर नवे दोष निघतातच. म्हणून अंदाजात चौथा हिस्सा मिळवा. खर्च ५ लाख झाला. म्हणजे ५ लाखांहून अधिक देऊ नये.

सुस्थितीतील किंमत साडेसात लाख व दुरुस्तीचा अंदाज ६ लाख असेल, तर? उत्तर तुम्हीच काढा.