पदवी मिळाली, आता पुढे?

आजचं वाचन : तैत्तिरीय उपनिषद, शिक्षावल्ली, ११वा अनुवाक

काल कपाट आवरताना माझं डिग्री सर्टिफिकेट सापडलं. पदवीदानाच्या संध्याकाळी मानपाड्याला घरी आलो, आईने ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मग जे फाइलमध्ये गेलं ते पासपोर्ट काढतानाच बाहेर आलं. अभ्यासाच्या पुस्तकांचं तर विचारूच नका.

या अनुवाकात वेद शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू निरोप देतात. अभिनंदन वगैरे काही नाही. खरं बोलायचं, स्वाध्याय चुकवायचा नाही, आई-वडील, गुरू, अतिथी यांना देव मानायचं. मी मात्र त्यापुढेच अडकलो. गुरू म्हणतात, आमचं जे वागणं चांगलं असेल तेवढंच घ्या, बाकीचं नको. आपल्याही वागण्यात खोट असू शकते, हे निरोपाच्या दिवशी ते स्वतःच सांगतात! (आपल्या कुठल्या सरांनी कधी... असो.)

आणि स्वाध्याय म्हणजे प्रमोशनसाठी केलेला ऑनलाइन कोर्स नव्हे बरं का. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली झाले, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. एक न्यायाधीश झाले, दुसरे संस्कृतचे प्राध्यापक. दोघंही प्रार्थना समाजात प्रवचनं करत. भांडारकरांचा वैष्णव-शैव पंथांवरचा ग्रंथ आला १९१३ मध्ये, पदवीनंतर ५१ वर्षांनी!

माझ्या पदवीला बाराच झालीत. उद्या सकाळी स्टँडअप कॉलच्या आधी १५ मिनिटं शिक्षावल्ली, पहिल्या अनुवाकापासून. कोणी येतंय का सोबत?